प्रमाणपत्रधारक पाणबुड्यांचे पुढील शिक्षण

पाठीवरील टाकीतील हवेवर श्वसन करीत समुद्रात उतरण्याचे, म्हणजेच स्कूबाचे, प्राथमिक शिक्षण साधारणतः तीन-चार दिवसांत पुरे होते. ते घेणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते, आणि बहुतेक संस्थांच्या या प्रमाणपत्रास मुदत नसते. सराव मात्र लवकर मोडतो. वर्ष-दोन वर्षे पाण्यात न उतरलेला मनुष्य मुखवट्यात पाणी शिरताच गोंधळतो, घाईने वर येऊ पाहतो, आणि घाईने वर येणे हेच या विद्येतील सर्वांत मोठे संकट होय. म्हणून सहा महिने ते वर्षभराचा खंड पडला असल्यास प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात उजळणी करणे हा पुढील शिक्षणाचा पहिला पाठ मानला जातो. (ग्रँड बेटाजवळ किंवा मालवणास हौशी पर्यटकांस हात धरून पाण्याखाली नेऊन आणतात, त्यास शिक्षण म्हणता येणार नाही. त्याचा विचार येथे केलेला नाही.)

प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा सामान्यतः १८ मीटर असते. पुढील अभ्यासक्रमात ती ३० मीटरपर्यंत वाढते. हा फरक आकड्यात लहान दिसला तरी शरीराच्या दृष्टीने मोठा आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते. शिवाय याच सुमारास नत्रवायूची गुंगी अनेकांस जाणवू लागते. मद्याचा अंमल चढावा तसा मनुष्य निष्काळजी होतो आणि घड्याळाकडे पाहण्याचे विसरतो.

दाबाखाली श्वसन करताना नत्रवायू रक्तात व ऊतींत विरघळत जातो. गोटीसोड्याच्या बाटलीची गोटी एकदम दाबली असता जसा फेस उसळतो, तसेच पाणबुडा एकाएकी वर आल्यास शरीरात बुडबुडे निर्माण होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजचे मनगटी गणकयंत्रही मूलतः त्याच विचारावर चालते. मिनिटास ९ मीटरहून अधिक वेगाने वर न येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे, ही शिस्त पुढील अभ्यासक्रमांत अंगवळणी पाडली जाते.

प्राणवायूचे प्रमाण ३२ किंवा ३६ टक्के असलेली हवा वापरण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तीत नत्रवायू कमी असल्याने पाण्याखाली अधिक वेळ राहता येते. त्यामुळे अधिक खोल जाता येते, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा, किंबहुना घातक आहे. खोलीवर प्राणवायूच विषारी ठरून झटके येऊ शकतात, आणि म्हणून ३२ टक्क्यांचे मिश्रण सुमारे ३४ मीटरच्या खाली नेऊ नये, असा दंडक आहे.

बेळगाव परिसरातील वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सकाळी किनाऱ्यावर बुड्या मारून सायंकाळी घाट चढून घरी परतणे, हा अनेकांचा शिरस्ता असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. बुडीनंतर ६०० मीटरहून अधिक उंचीवरील विरळ हवेत जाण्यापूर्वी, एकच बुडी असल्यास किमान १२ तास आणि अनेक बुड्या असल्यास किमान १८ तास थांबावे, असे विमानप्रवासाविषयीचे प्रचलित मार्गदर्शन आहे, आणि घाटाची चढण त्यास अपवाद नाही. रात्र किनाऱ्यावरच काढावी, हे उत्तम. सांधे ठणकणे, हातापायांस मुंग्या येणे किंवा विलक्षण थकवा, ही लक्षणे प्रवासाचा शीण समजून तेल चोळीत बसू नये. रुग्णास आडवे निजवून शुद्ध प्राणवायू द्यावा आणि दाबकक्षाची सोय कोठे आहे याची डॉक्टरांमार्फत तत्काळ चौकशी करावी.

याच कारणास्तव बचाव अभ्यासक्रम सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल. घाबरलेल्या सोबत्यास आवरणे, बेशुद्धास पृष्ठभागावर आणणे, प्राणवायू देणे या गोष्टी त्यात प्रत्यक्ष करवून घेतल्या जातात. हृदय व श्वसन पुन्हा सुरू करण्याची कृती, म्हणजे छातीवर ३० दाब व दोन श्वास, हीही त्याच्या जोडीस शिकावी लागते. नदीत किंवा खाणीच्या पाण्यात कोणी बुडाले की गावातील प्रमाणपत्रधारक तरुणास शोधासाठी बोलावण्यात येते. त्याने होकार देण्यापूर्वी आणि अधिकाऱ्यांनी गळ घालण्यापूर्वी विचार करावा. हाताचा पंजाही दिसत नाही अशा गढूळ पाण्यात दोरीच्या आधाराने शोध घेणे ही वेगळीच विद्या आहे आणि हौशी प्रमाणपत्रात ती अंतर्भूत नाही.

या विद्येवर उपजीविका करू इच्छिणाऱ्यांसाठी पुढे मार्गदर्शक पाणबुड्याची पायरी असते. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पॅडी या संस्थेच्या नियमानुसार त्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते, आरंभी किमान ४० व पूर्ततेस ६० नोंदलेल्या बुड्या आवश्यक असतात. नोंदवही व्यवस्थित न ठेवल्यामुळे किनाऱ्यावरील कित्येक होतकरू मुलांचा अनुभव कागदावर येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असून बुड्या बंद असतात. दाबाचे गणित, प्रथमोपचार आणि तलावातील सराव यांसाठी तेच चार महिने सोयीचे पडतात.