दर सेकंदाला आकडा हवाय म्हणे!

चिऊ, सगळ्या मीटरचे आकडे दर सेकंदाला कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसले पाहिजेत, असं साहेब म्हणाले आणि तू मान डोलावून आलीस. ठीक आहे, नवीन नोकरीत सगळे डोलावतात. पण आज जेवण झालं की एक कोरा कागद घे आणि मी सांगते तो हिशेब मांड.

तुझ्याकडे साधारण तीस एनर्जी मीटर आहेत म्हणालीस, सगळे आरएस-485 चे, एकाच जोडतारेवर ओवलेले, मॉडबस बोलणारे. हे मॉडबस मोडिकॉन कंपनीने 1979 साली काढलं, आरएस-485 चं मानक 1983 चं. म्हणजे दोघंही तुझ्या-माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांची रीत ग्रामसभेसारखी आहे गं: सरपंच ज्याचं नाव पुकारेल त्यानेच उठून बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. मीटर आपणहून कधी काही सांगत नाही. इथरनेटवाल्यांची गोष्ट वेगळी, तिथे स्विचवर दहाजण एकाच वेळी बोलू शकतात. या दोघांच्या मध्ये तुझा गेटवे बसणार आहे. आणि गेटवे म्हणजे काही जादूचा डबा नव्हे. इथरनेटच्या बाजूने धडाधड प्रश्न आले तरी तारेच्या बाजूला तो एकेकालाच विचारणार, बाकीचे रांगेत.

आता आकडे. तारेवरचा वेग 9600 बॉड. एका अक्षराला स्टार्ट, आठ बिट, पॅरिटी आणि स्टॉप धरून 11 बिट लागतात, म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या जरा आत. प्रश्न 8 बाइटचा. वीस रजिस्टर मागितले तर उत्तर 45 बाइटचं. एकूण 53 बाइट, सुमारे 61 मिलिसेकंद. त्यात मीटर विचार करायला वेळ घेतो, तो पन्नासेक मिलिसेकंद धर. दोन संदेशांच्या मधे साडेतीन अक्षरांची शांतता पाळावी लागते, ती वेगळी. एका मीटरमागे 120 मिलिसेकंद झाले. गुणिले तीस, साडेतीन सेकंदांच्या वर. तेही सगळे मीटर जिवंत असतील तर!

खरी मेख पुढेच आहे. एखादा मीटर बंद पडला की गेटवे त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. टाइमआउट एक सेकंद आणि तीनदा विचारायचं असं सेटिंग असेल, तर त्या एका मीटरपायी प्रत्येक फेरीत तीन सेकंद जातात. दोन मीटर मेले की सहा. पडद्यावर मात्र सगळेच मीटर अडखळताना दिसतात आणि लोक चांगल्या मीटरांच्या तारा सोडून बसतात. म्हणून बंद मीटर यादीतून तात्पुरता काढायचा आणि टाइमआउट मीटर प्रत्यक्ष किती वेळ घेतो ते मोजून ठरवायचा.

साहेबांना हवंय त्याच्या जवळ जायचं तर वाटा आहेत. शेजारशेजारचे रजिस्टर एकाच प्रश्नात माग, एकेक मागत बसू नकोस. दोन पोर्टचा गेटवे घेऊन पंधरा-पंधरा मीटर वाट. सगळे मीटर 19200 ला चालत असतील तर वेग वाढव, पण मग एकही मागे ठेवता येत नाही. आणि हळूच विचारून तर बघ, की दर सेकंदाचा आकडा कशाला हवाय? विजेच्या बिलातली डिमांड काही मिनिटांच्या खंडावर काढलेल्या सरासरीवरून ठरते. दहा सेकंदांनी आलेला आकडा त्या कामाला पुरून उरतो. साहेब बहुतेक वेळा ऐकतात, कागद समोर असला की.

गेटवेचा डबा मागवताना नीट बघ. दुकानात दोन प्रकारचे डबे एकसारखेच दिसतात. एक असतो डिव्हाइस सर्व्हर. तो आत काय चाललंय ते न बघता बाइट इथून तिथे नेतो. जुनं सॉफ्टवेअर कॉम पोर्टच मागत असेल तर तो घे, संगणकात खोटा कॉम पोर्ट तयार करता येतो. दुसरा मॉडबस गेटवे. तो तारेवरच्या मॉडबस आरटीयू संदेशाच्या शेवटची सीआरसी काढतो, पुढे मॉडबस टीसीपीचं सात बाइटचं शीर्षक लावतो आणि 502 नंबरच्या पोर्टवर बोलतो. तुमच्या कंट्रोल रूममधलं स्काडा सॉफ्टवेअर टीसीपीवालंच आहे ना? मग तुला हा दुसरा. ऑर्डर सुटण्याआधी तपास, कारण नंतर खरेदी विभागाशी हुज्जत घालणं म्हणजे वडखळ नाक्यावरची कोंडी परवडली.

पिंग चालतंय म्हणजे सगळं चालतंय, असं कुणी म्हटलं तर नुसतं हस. पिंगला उत्तर देतो तो गेटवे. मीटर मागे मरून पडलेला असू शकतो. स्काडाला 0बी हा एरर कोड आला, तर गेटवे सांगतोय की मी आहे पण पलीकडून कुणी बोलत नाही. मग लॅपटॉप मिटायचा आणि तारेकडे जायचं.

तारेचं मी जास्त सांगणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच असतात. तुमचा कारखाना डोलवीत, तिथली हवा तुला ठाऊक आहे. धरमतरची खाडी बाजूला, त्यात आपला पाऊस. तांब्याच्या टोकांवर हिरवं चढतं. ग्लँड ढिली असेल तर पॅनेलमध्ये ओल शिरते. स्क्रू पिळून बघ, हलका ओढून बघ, फेरूल नसेल तर लाव. तार एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी गेली पाहिजे. मधूनच फांदी काढून लांब नेलेली दिसली तर तिथे बोट ठेव. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध. सगळं बंद करून ए आणि बी मध्ये मल्टीमीटर लाव, साठच्या आसपास आलं तर दोन्ही जागेवर आहेत. एकशेवीस आलं तर एकच आहे, चाळीस आलं तर कुणीतरी उत्साहाने तिसरा लावलाय. आणि ए-बीचं लेबल बघून विश्वास ठेवू नकोस, एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असतो. उत्तर येत नसेल तर दोन तारा अदलाबदल करून बघायला लाज वाटू देऊ नकोस, त्याने काही जळत नाही.

सगळे म्हणतात 485 ला दोनच तारा लागतात. तिसरीही लागते, कॉमनची. मानकाप्रमाणे रिसीव्हर उणे 7 ते अधिक 12 व्होल्टच्या आतला फरकच सोसतो. पोलादाच्या कारखान्यात मोठ्या ड्राइव्ह, वेल्डिंग, भट्ट्या. एका शेडची अर्थिंग आणि दुसऱ्या शेडची अर्थिंग यांत त्याहून जास्त फरक सहज पडतो. मग पोर्ट उडतात आणि दोष चिनी मालाला! एकाच शेडमध्ये असशील तर कॉमन ओढ, शिल्ड एकाच टोकाला अर्थ कर, आयसोलेशन असलेला गेटवे घे. शेड बदलली की तांबं नकोच, फायबर टाक. कॅट-6 सुद्धा शंभर मीटरच्या पुढे जात नाही आणि विजा कडाडायला लागल्या तरी फायबर असलं की निवांत झोप लागते.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. मीटरच्या पॅनेलमध्ये हात घालण्याआधी परमिट घे. आणि सीटीच्या, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरच्या, दुय्यम बाजूची तार चालू लाइनवर कधीच सोडू नकोस. तिथे उघड्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज उभा राहतो. 485 चे दोन स्क्रू आणि सीटीचे स्क्रू कितीदा तरी शेजारीशेजारी असतात. घाई करणारा कुणी असला तर त्याला तूच थांबव, ज्येष्ठ असला तरी.

तारा बरोबर निघाल्या, उत्तरं आली, तरी आकडे चक्रम दिसतात. पुस्तकात 40001 लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य नंबरने मागतात, त्यामुळे एकाचा घोळ ठरलेला. फ्लोटमध्ये दोन शब्दांची जागा उलटली की 415 व्होल्टच्या जागी जवळजवळ शून्य दिसतं. लाइन बंद आहे की काय म्हणून इलेक्ट्रिशियन काका धावतात! आधी शब्दांचा क्रम बदलून बघ. मीटरच्या तोंडावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा, दोन्ही जुळल्याशिवाय सही करू नकोस.

आणि मॉडबसला कुलूप नाही. 502 पर्यंत जो पोहोचला तो वाचेल आणि लिहीलही. मोबाइलवर बघता यावं म्हणून कुणी गेटवेला सिमवाला राउटर जोडू म्हटलं तर सरळ नाही म्हण, आयटीवाल्यांना मध्ये घे, मीटरचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळं ठेव. डब्याला कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल.

तिथल्या इलेक्ट्रिशियन काकांशी जमवून घे गं. कोणत्या केबलला कुठे गुपचूप जोड आहे ते नकाशात नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. ते सांगतील, फक्त आधी तू विचारायला हवंस. मी धाटावच्या कारखान्यात नवी होते तेव्हा सगळ्या खोलीत एकटी मुलगी, मी प्रश्न विचारला तर लोक लॅपटॉपकडे बघून उत्तर द्यायचे. रागावण्यापेक्षा मी वही काढायचे आणि म्हणायचे, तुमच्या तोंडचं लिहून घेते. त्यानंतर माझ्याकडे बघूनच बोलायला लागले.

व्हेंडरचा माणूस निघण्याआधी त्याच्याकडून गेटवेच्या सेटिंगची फाइल घेऊन ठेव, आयपी, स्लेव्ह आयडी, बॉड रेट, पॅरिटी वहीत उतरव आणि पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटव. कामाचं बिल त्याआधी पास होऊ देऊ नकोस. एकदा पैसे मिळाले की त्यांचा फोन बंद लागतो.

शनिवारी घरी येशील तेव्हा हिशेबाचा कागद आण, मी बघते. तोवर साहेबांना नुसतं एवढंच सांग: पाच सेकंद देते, दर सेकंदासाठी एकूण चार-पाच पोर्ट लागतील, त्याचं कोटेशन मागवू का?