सव्वाआठ मैलांची लाईट

मी मूळचा बार्शीचा. नोकरीपायी इंग्लंडात आलो आणि स्टोक-ऑन-ट्रेंटला राहिलो, त्याला आता बावीस वर्षं होतील. घराला गॅरेज आहे, पण त्यात मोटार कधी उभी राहिली नाही. तिथे वाफेच्या जमान्यातली एक छोटी इंग्रजी रेल्वे चालते. गाड्या विजेवरच्या, दिखावा वाफेचा. अकरा वर्षांत जे काही शिकलो ते बहुतेक चुकूनच शिकलो. यात नव्याने पडणाऱ्याने निदान त्याच चुका करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

१. मोठ्या गाडीचा मोह आवरा.

माझी पहिली खरेदी लंडन-एडिंबरोची ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. दुसरी काय असणार? मागे आठ डबे जोडले आणि आठ फूट बाय चार फुटांच्या फळीवर रूळ गोल फिरवले. इंग्लंडात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे ओओ. त्यात खऱ्या एका फुटाचे चार मिलिमीटर होतात. त्रेसष्ट फुटी डबा पंचवीस सेंटिमीटरचा. इंजिनासकट आठ डब्यांची गाडी झाली दोन मीटर तीस, आणि माझी फळी जेमतेम दोन मीटर चाळीस! लंडन सोडलं की एडिंबरो लगेच पलीकडच्या कोपऱ्यावर. कुत्रं शेपटीमागे फिरतं तशी ती गाडी महिनाभर फिरली, मग माझंच डोकं फिरायला लागलं. विकून टाकली.

२. सगळी मिळून एका पेटीत मावेल अशी लाईन शोधा.

ती मला रविवारच्या पायपिटीत सापडली. स्टोकच्या पूर्वेला मॅनिफोल्ड नावाच्या नदीचं खोरं आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे आणि मधून एक डांबरी पायवाट. वाट इतकी बेताच्या चढाची की रेल्वेच्या माणसाला संशय यावा. चौकशी केली तर खरंच ती जुनी रेल्वे निघाली: लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैल, अडीच फुटी नॅरोगेज. १९०४च्या जूनमध्ये सुरू झाली आणि १९३४च्या मार्चमध्ये बंद पडली. तीस वर्षंही धड भरली नाहीत. उभ्या आयुष्यात तिच्याकडे इंजिनं दोन आणि प्रवासी डबे चार. मॉडेल करणाऱ्याला आणखी काय हवं?

पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिच्या इंजिनाचा फोटो पाहिला आणि उभ्याउभ्या थबकलो. समोर हा भला थोरला दिवा, डब्यांच्या टोकांना व्हरांडे. इंग्लंडातल्या गाड्यांचं हे रूप नव्हे. आमच्या बार्शी लाईट रेल्वेचं रूप! फोटोखाली इंजिनाचं नाव होतं ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे ज्याने १८९७ साली बार्शी रोड, आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाईट काढली तोच इंजिनिअर. बार्शीत जे जमलं तेच त्याने स्टॅफर्डशरमध्ये लावलं. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची, बार्शीलाही किट्सनचीच गेली होती. विलायतेची वस्तू आपल्याकडे आली हे लहानपणापासून ऐकत होतो. बार्शीचा कित्ता विलायतेने गिरवला, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. त्या दिवशी बाकीची सगळी कॅटलॉगं कपाटात गेली.

३. मापातलं खोटं एकदाच मान्य करा आणि विसरा.

ओओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात. चाराने भागलं तर चार फूट दीड इंच येतात. खरी गेज चार फूट साडेआठ इंच, म्हणजे सात इंच खाल्ले. इंग्रजी गाड्या अंगाने बारीक. जुन्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात बसेनात, म्हणून गाडीचं माप वाढवलं आणि रूळ तेवढेच ठेवले. नॅरोगेजसाठी मी नऊ मिलिमीटरचे रूळ वापरतो, तिथेही तीन इंच कमी. अचूक रूळ स्वतः घडवणारे तपस्वी आहेत, त्यांना नमस्कार. मला मरायच्या आधी गाडी चालवायची होती.

४. फळीवर पैसे वाचवू नका.

माझी पहिली फळी चिपबोर्डची. इथल्या हिवाळ्यात गॅरेजच्या भिंतींना पाणी सुटतं. फेब्रुवारीत पाहतो तर फळी ओल्या पापडासारखी फुगलेली आणि हल्म एंडच्या फलाटासमोर रुळांना उंटासारखी मदार. आता नऊ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड वापरतो. खाली लाकडाची चौकट आणि कडांनासुद्धा वॉर्निश.

५. प्रत्येक रुळाला स्वतःची वायर द्या.

रुळांच्या जोडावर जी पत्र्याची फिशप्लेट असते तिच्यातून वीज पुढे जाते, असं पुस्तकात असतं. वर्षभर जातेही. मग गंज चढतो आणि इंजिन अडखळायला लागतं. तुकडा कितीही छोटा असो, त्याच्या पोटाला वायर सोल्डर करून खाली घ्या. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यांचंही तसंच. ज्या सांध्याचं मधलं टोक प्लॅस्टिकचं, तिथे लांब इंजिन निभावून जातं. चार-सहा चाकांचं छोटं इंजिन मात्र नेमकं त्या मेलेल्या टोकावर बसतं आणि लोकांसमोर बोटाने ढकलावं लागतं. टोकातही वीज येईल असेच सांधे घ्या.

६. खडी टाकताना सांध्याकडे पाठ फिरवू नका.

रुळांमध्ये बारीक खडी पसरायची, पांढऱ्या डिंकात निम्मं पाणी घालायचं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर डिंकाचे गोळे खडीवर पाऱ्यासारखे घरंगळतात. हे सगळं मी चोख केलं आणि चहाला गेलो. परत आलो तर सांधा जन्माचा चिकटलेला. कापून काढला.

७. पाणी करता येत नसेल तर कोरडी नदी निवडा.

रेझिन ओतून नदी करायला गेलो. फळीच्या फटीतून ते गळलं आणि गॅरेजच्या जमिनीवर स्वच्छ, चकचकीत मॅनिफोल्ड तयार झाली. चूक निस्तरताना वाचलं की खरी मॅनिफोल्ड उन्हाळ्यात चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली गडप होते आणि खाली इलामला पुन्हा वर येते. सुटलो! माझ्या मॉडेलवर कायम कोरडा जुलै असतो. पात्रात नुसते दगडगोटे.

८. हळू चालवा. त्याहून हळू.

या सगळ्यांत हेच मला सर्वांत उशिरा उमगलं. एकदा घड्याळ लावून बसलो. वॉटरहाउसेसच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, २.४ मीटर, माझं इंजिन सहा सेकंदांत जायचं. खऱ्या मापात हिशेब केला तर ताशी ६८ मैल. बार्शी लाईटमधून उतरून, शेतात हरभरा उपटून, पुन्हा तीच गाडी पकडता येते अशी आमच्याकडची ख्याती, आणि तिचं विलायतेतलं भावंड मेलगाडी होऊन धावत होतं! ताशी १० मैलांनी जायचं तर तेच अंतर ४१ सेकंदांत कापावं लागतं. त्यासाठी चाकं, रूळ, मोटरचे ब्रश सगळं स्वच्छ लागतं. आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ पुसतो, कारण हळू चालणाऱ्या इंजिनाला धुळीचा कणसुद्धा पुरतो. पहिल्यांदा ४१ सेकंद जमले तेव्हा मॉडेल दुप्पट लांब वाटलं. फळीला एक इंचही न जोडता.

९. गाडीला काम द्या.

नुसती फिरणारी गाडी पाचव्या मिनिटाला कंटाळा आणते. मॅनिफोल्ड लाईनचं पोट दुधावर होतं. एक्टनला डेअरी होती. वॉटरहाउसेसला मोठ्या गेजच्या वॅगन माल न उतरवता तशाच्या तशा नॅरोगेजच्या बुटक्या वाहक गाडीवर चढवत. ‘ट्रान्सपोर्टर’ म्हणत तिला. मी हेच करतो: मोठ्या गेजचं इंजिन दुधाची वॅगन आणतं, ट्रान्सपोर्टर समोर लावायचा, वॅगन हलकेच वर ढकलायची, मग छोटं इंजिन ती एक्टनला नेतं. एका वॅगनला सात-आठ मिनिटं. हात थरथरला तर वॅगन नदीत, पण नदी कोरडी आहे. आणि खऱ्या लाईनचं काय झालं ते या खेळातच कळतं. डेअरी बंद पडली आणि पाठोपाठ लाईनही.

१०. रंगाची खात्री कोणाकडून करून घ्याल ते ठरवा.

सुरुवातीचे डबे फिकट पिवळे होते अशी लेखी नोंद आहे, तसे रंगवले. वर पातळ काळा-तपकिरी हात दिला, कारण कोळशाच्या गाडीत कोरा रंग शोभत नाही. दोन वर्षांपूर्वी आई आली. ऐंशीच्या पुढची, गुडघे धरून स्टुलावर बसली आणि गाडी हल्म एंडहून निघताच म्हणाली, “अरे, ही आपली लाईट की!” मी कॅलथ्रॉपची गोष्ट सांगितली. तिचं लक्ष नव्हतं.

“पण रिकामी कशी? आषाढीला टपावर माणसं असायची.”

“ही पंढरपूरला जात नाही गं.”

“मग कशाला चालवतोस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्यांत बारा माणसं चिकटवली.

मग विचारलं, आपल्या लाईटच्या डब्यांचा रंग कुठला होता? तिने बराच वेळ आठवून सांगितलं, “धुरकट.” मीही लहानपणी त्यात बसलोय, पण मला फक्त खिडकीचा गज आणि डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण आठवतो. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनंही भंगारात गेली.

पुढचं मॉडेल कुर्डुवाडी ते बार्शीचं करायचं आहे. फळी कापून तयार आहे. इंजिनाचे फोटो मिळतात, पण ते काळे-पांढरे. डब्यांचा बाहेरचा रंग, आतली बाकं उभी होती की आडवी, खिडकीला गज किती, यातलं ज्यांना काही आठवत असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. सोबत साल लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाज’ असं लिहा.