उतारवयातील जोडप्याची परदेशसेवा

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 18:1-4, 18-19, 24-28, रोमकरांस पत्र 16:3-5, 2 तीमथ्य 4:19

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एक तरुण उभा राहतो. बोटीने आलेला, एका हातात शास्त्र व दुसऱ्या हातात छत्री घेतलेला, ऊनपावसात गावोगाव हिंडणारा. केस पिकलेले, गुडघे दुखणारे, औषधाच्या गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्या लागणारे नवराबायको त्या चित्रात सहसा नसतात. परंतु अशी जोडपी परक्या देशात सेवेस गेलेली आहेत व आजही जातात. मग ती तेथे दिवसभर करतात तरी काय? उपदेश तर आठवड्यातून एकदाच असतो. उरलेल्या सहा दिवसांचे काय? आजच्या पाठात याच प्रश्नाकडे पाहावयाचे आहे.

प्रथम शास्त्रातील जोडपे पाहू. अक्विल्ला हा मूळचा पंतचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या काठचा. तो पत्नीसह रोमेत राहत होता. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा ही दोघे करिंथास आली. पुढे ती पौलाबरोबर इफिसास गेली आणि रोमकरांस पत्र लिहिले गेले त्या वेळी पुन्हा रोमेत होती. म्हणजे या जोडप्याचे आयुष्य परमुलुखातच गेले. त्यांचे वय किती होते हे शास्त्र सांगत नाही, मुलाबाळांचाही उल्लेख नाही. तेव्हा ती म्हातारी होती असे ठासून सांगणे बरे नव्हे. मात्र करिंथातील पहिल्या भेटीपासून तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातील सलामापर्यंतचा काळ मोजला तर दहापंधरा वर्षे सहज भरतात. इतकी वर्षे दोघांची नावे जोडीनेच येतात, हे ध्यानात घ्यावे.

आता त्यांचा दिवस पाहा. धंदा तंबूंचा. कापड किंवा कातडे कापावे, दाभणाने शिवावे, गिऱ्हाइकाशी भाव करावा. पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडे उतरला व त्यांच्याबरोबर कामाला बसू लागला. करिंथात तो दीड वर्ष होता. एवढा काळ असा पाहुणा घराशी जोडला गेला की स्वयंपाक, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि रात्री उशिरापर्यंत येणारीजाणारी माणसे यांची वाढ होतेच. शास्त्राने हे सारे लिहिलेले नाही, पण ज्याच्या घरी पाळक किंवा सुवार्तिक उतरतात त्याला ते सांगावे लागत नाही.

इफिसास अपुल्लो आला. मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतेच ठाऊक होते. या दोघांनी सभास्थानात त्याचे भाषण ऐकले. त्यांनी तेथेच उठून त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. आपल्या मंडळ्यांतून उपासना संपते न संपते तोच दाराशी उपदेशकाची उलटतपासणी सुरू होते. त्या मानाने ही रीत फार वेगळी. विद्वानाला शिकवावयाचे तर चटईवर बसवून, जेवू घालून शिकवावे, हे या जोडप्याला कळले होते.

आणखी एक गोष्ट. या दोघांची नावे शास्त्रात सहा ठिकाणी येतात. मूळ ग्रीक वचनांत त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. त्या काळाच्या रीतीप्रमाणे पाहता हे नवलच. याचे कारण काय यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. ते काहीही असो, पौल व लूक या दोघांच्याही लेखी प्रिस्किल्ला ही नुसती ‘अक्विल्लाची बायको’ नव्हती, एवढे नक्की.

आपल्या मुलुखात मात्र नेमके उलट झाले आहे. 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावी आले व येथील कामास आरंभ झाला. त्यांच्यामागून आलेल्या बेननसाहेबांचे नाव बेळगावच्या बेनन-स्मिथ हायस्कूलमुळे आजही लोकांच्या तोंडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मेथॉडिस्टांकडे गेले. या साहेबांच्या पत्नींची नावे किती जणांना सांगता येतील? जुन्या बोलण्यात त्या सगळ्या ‘मडम’. आणि दोष केवळ आपल्या लोकांचा नाही. अमेरिकन बोर्डाच्या याद्यांत मिशनरीच्या पत्नीची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होत असे.

वास्तविक त्या काळच्या मिशन घरात एक दिवस दोघे मिळून काढीत. त्यातला अर्धा तिचा असे. पहाटे दिवा लावून वाचन व प्रार्थना. ऊन चढण्यापूर्वी पंडित येई. मग त्याच्यापुढे बसून मराठीचा धडा, मोडीची अक्षरे, ‘ळ’ चा उच्चार. पाणी उकळणे, दूध पाहणे, भाजीवाल्याचा हिशेब. दाराशी तापाचे, खरजेचे, डोळे आलेले रोगी. डॉक्टर नसला तरी क्विनाइनची बाटली प्रत्येक बंगल्यात असे. मग शाळा. दुपारी पत्रे, कारण मायदेशी पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत महिने जात. सायंकाळी साहेब बाजारात किंवा चावडीपाशी लोकांशी बोलत आणि मडम घराघरांतून बायकांपाशी बसत. या घरांत साहेबांना मज्जाव होता. माजघरापर्यंत जी सुवार्ता पोहोचली ती बहुतांशी बायकांनीच पोहोचवली. थंडीत तंबू व बैलगाडी घेऊन फिरती, आणि तंबूतही चूल पेटवावीच लागे.

या चित्रास भुलूनही जाऊ नये. बंगला गावाबाहेर असे, भोवती आवार, दारात माळी, स्वयंपाकाला बटलर. आपले आजोबा-पणजोबा त्या आवारात शिरताना जोडे काढीत. सेवा करणारा व सेवा घेणारा यांच्यामध्ये ते फाटक कायम उभे होते, आणि ते उघडे ठेवण्याचे काम काहींना जमले, काहींना मुळीच जमले नाही.

या सर्वांत कोल्हापूरच्या वाइल्डर जोडप्याची हकीगत आपल्या पाठाला फार जवळची आहे. निपाणीहून कोल्हापूर ते किती दूर! रॉयल वाइल्डर व त्यांची पत्नी एलायझा ही 1846 साली अमेरिकेहून निघून अहमदनगरच्या कामावर आली. त्या वेळी सुवेझचा कालवा नव्हता; शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यावयाचे, म्हणजे महिनोगणती समुद्रावर. 1852 साली ती कोल्हापुरास गेली. पुढे बोर्डाशी मतभेद झाले. तरी 1861 साली कोणत्याही मोठ्या मंडळाचा आधार नसता ती कोल्हापुरास परत आली व मित्रांच्या मदतीवर काम चालवू लागली. 1870 साली प्रेसबिटेरियन मंडळाने ते काम आपल्याकडे घेतले. सुमारे तीस वर्षांच्या सेवेनंतर प्रकृती ढासळल्याने ती मायदेशी गेली. वाइल्डर यांनी 1878 साली प्रिन्स्टन येथून मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा कोल्हापुरात 1863 साली जन्मलेला. अमेरिकेतील हजारो विद्यार्थ्यांना परदेशसेवेकडे वळवणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या संस्थापकांत त्याची गणना होते.

1887 साली वाइल्डर वारले. वय सत्तरीच्या आसपास. पुन्हा हिंदुस्थानात येण्याचे त्यांच्या मनात होते, पण ते घडले नाही.

येथे बहुतेकांच्या मते हकीगत संपावयास हवी होती. नवरा गेला, लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेलेली, मुले मोठी झालेली. म्हाताऱ्या विधवेने मायदेशी मुलाच्या घरी शांत राहावे, असेच कोणीही म्हणाले असते. एलायझाबाई मुलगी ग्रेस हिला घेऊन कोल्हापूरकडे परत आल्या. कोल्हापुराला अजून आगगाडीही नव्हती; ती 1891 साली आली. मायलेकींनी कोल्हापूर भागात व त्या वेळच्या इस्लामपुराकडे काम केले.

त्यांचे हे परतणे कशाचे लक्षण समजावे? मला वाटते, ती सेवा त्यांचीही होती. नवऱ्यामागे फरफटत आलेली बाई नवरा गेल्यावर परत येत नाही. मराठी त्यांच्या जिभेवर होते, घराघरांतून ओळखी होत्या, चार बायकांत कसे बसावे हे ठाऊक होते. हे भांडवल साहेबांच्या नावावर कधीच नव्हते. तीस वर्षे रोज थोडे थोडे करून ते त्यांनीच साठवले होते. अशा बाईला यादीत ‘साहाय्यक’ लिहिणे हा त्या यादीचा तोकडेपणा.

आजकाल उतारवयातील जोडप्यांना मुद्दाम परदेशी पाठवण्याची पद्धत काही पंथांत आहे. अमेरिकेतील मॉर्मन लोकांची शिकवण आपण मानीत नाही, पण त्यांची एक व्यवस्था पाहण्याजोगी आहे. नोकरीतून निवृत्त झालेली नवराबायको स्वतःच्या खर्चाने काही महिने किंवा वर्ष-दीड वर्ष दुसऱ्या देशात जाऊन राहतात. तरुणांप्रमाणे दारोदार फिरण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. कोणी कचेरीचे हिशेब लिहितो, कोणी नव्या विश्वासणाऱ्यांच्या घरी भेटी देतो, कोणी मदतकार्यात मालाची मोजदाद करतो. म्हणजे ज्याने आयुष्यभर जे केले तेच तो तेथे करतो. अक्विल्लाने तरी काय केले? तंबूच शिवले!

आता आपल्याकडे वळू. बेळगुंदीकडचा पश्चिम भाग घ्या. भात, रताळी व काजूचा मुलुख, जवळच राकसकोपचे जलाशय. या बाजूच्या गावांतून निवृत्त शिक्षक, परिचारिका, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले जवान पुष्कळ सापडतील. पेन्शन आहे, मुले पुण्यास, बेंगळूरास किंवा दुबईस आहेत, नातवंडांशी बोलणे फोनच्या पडद्यावर होते. अशा एखाद्या ख्रिस्ती जोडप्याने सेवेस जावयाचे ठरवले तर अमेरिकाच गाठावी लागते असे नाही. बेळगावाहून पूर्वेकडे सौंदत्ती-बैलहोंगलकडे निघा; काही तासांत भाषा बदलते, भाकरीबरोबरचे कालवण बदलते, आणि आपण परके होतो. सरकारी नकाशाने जिल्हा एकच, पण माणसाच्या दृष्टीने तो परदेशच.

कोणी म्हणेल, कानडी आम्हाला येते की. येते, पण बाजारापुरते. भाव विचारण्याचे कानडी वेगळे आणि रोग्याच्या उशाशी बसण्याचे वेगळे. साठी उलटल्यावर नवी लिपी गिरवावयास बसणे ही लहान गोष्ट नव्हे. अक्षरे जुळतात, पण आठवत नाहीत; शेजारचे पोर हसते. हसू द्यावे. ज्या म्हाताऱ्याला पोर हसते त्याच्याजवळ ते बसतेही. त्या बाजूस भेटल्यावर ‘ऊटा आय्ता?’, म्हणजे जेवण झाले का, असे विचारतात. हे दोन शब्द आजीला नीट म्हणता आले की निम्मी ओळख झाली असे समजावे. सीमेच्या या भागात भाषेवरून मने किती दुखावली आहेत हे येथे सांगावयास नको. म्हणूनच एखाद्या मराठी आजीने कानडी शेजारणीच्या दुखण्यात मोडक्यातोडक्या कानडीने तिची विचारपूस केली, तर तिचे वजन फार आहे.

व्यवहाराच्या गोष्टीही आधीच बोलून घ्याव्यात. मंडळी पुष्कळदा हारतुरे घालून निरोप देते व पुढे वर्षभर साधे पत्रही पाठवीत नाही. जोडपे कोठे राहील, भाडे कोणी भरावयाचे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर त्या कोठून येतील, रात्री अपरात्री छातीत दुखले तर जवळचे इस्पितळ कोणते? आपल्याकडे मिरजेचे मिशन इस्पितळ आहे. पण सौंदत्तीहून मध्यरात्री मिरज फार लांब पडते. गेल्या गेल्या गावातील डॉक्टरची ओळख करून घेणे हे पहिल्या आठवड्याचे काम समजावे. विश्रांतीचा दिवसही आधीच ठरवावा. उत्साहाच्या भरात पहिले तीन महिने रोज दहा घरे फिरणारी मंडळी चौथ्या महिन्यात अंथरूण धरतात.

आणि कामाची वाटणी. उपदेश साहेबांनी करावा व चहा मडमने, ही जुनी रीत आपण उचलू नये. निवृत्त परिचारिका असलेली पत्नी हीच पुष्कळदा मुख्य सेवक ठरेल आणि हवालदार नवरा पाणी भरील, खुर्च्या मांडील, हिशेब लिहील. त्यात कमीपणा नाही. नेमणुकीच्या कागदावर मात्र दोघांचीही नावे पूर्ण लिहावीत.

सर्वांत अवघड प्रश्न कोणी तोंडावर काढीत नाही. दोघांपैकी एकजण तेथेच गेला तर? मूठमाती तेथे द्यावयाची की गावी? मागे राहिलेल्याने लगेच परतावयाचे, की काम पुरे करावयाचे? निघण्यापूर्वी दोघांनी एका संध्याकाळी शांतपणे बसून हे बोलावे व मुलांनाही कळवावे.

चर्चेसाठी : आपल्या मंडळीत साठी उलटलेली, हिंडतीफिरती अशी जोडपी किती आहेत? त्यांतील पत्नींची नावे, आणि लग्नापूर्वी व नंतर त्यांनी केलेली कामे, मंडळीच्या वडिलांना ठाऊक आहेत काय? अपुल्लोला प्रिस्किल्लाने कोणत्या शब्दांत समजावले असेल? आणि अशा जोडप्यातील एकटी राहिलेली व्यक्ती पुन्हा सेवेस जाऊ इच्छित असेल, तर मंडळी तिला एकटीला पाठवील काय?