सर्वांत मोठा कोण ?

वर्गांतील मुलांच्या गुणांची यादी समोर ठेवून "पहिला कोण ?" असें विचारिलें, तर आपण तिजवर नुसती नजर फिरवून उत्तर देतों. संगणकास मात्र अशी नजर नाहीं. त्याचें काम एका वेळीं दोनच संख्या ताडून चालतें. म्हणून जें आपण नकळत करितों, त्याचें एकेक पाऊल त्यास सांगावें लागतें. तें कसें सांगावें, व सांगतांना पाय कोठें घसरण्याचा संभव असतो, हें या पाठांत पाहूं.

यासाठीं 'पायथन' ही भाषा घेऊं. नेदरलंड्समधील गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळाच्या सुटींत तिचें काम आरंभिलें व १९९१ सालीं ती लोकांपुढें आली. नांव ऐकून अजगराची आठवण होते खरी. परंतु तें 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलें आहे. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेंत आपण ठेविलेलीं नांवें देवनागरींतही लिहितां येतात. गुणांच्या यादीस 'गुण' असेंच नांव दिलें तरी चालतें.

समजा, हजेरीपटांतील १ ते ५ क्रमांकांच्या मुलांस अनुक्रमें ७२, ८८, ६५, ८८ व ७९ गुण मिळाले. पहिली संख्या ७२ ही हातीं धरावी. पुढची ८८ तिच्याहून मोठी, म्हणून ७२ टाकून ८८ धरावी. ६५ लहान, सोडून द्यावी. चौथी ८८ हातांतल्या संख्येएवढीच आहे, मोठी नाहीं, तीही सोडावी. ७९ लहान. यादी संपली, आणि हातांत उरलेली ८८ हेंच उत्तर. पांच संख्यांस चार तुलना लागल्या. याहून कमी तुलनांत काम होईल काय ? कुस्त्यांचें मैदान डोळ्यांपुढें आणा. ६४ मल्लांतून एक अजिंक्य ठरवावयाचा, तर बाकीच्या ६३ जणांनीं प्रत्येकीं एकदां तरी हरलें पाहिजे. आणि एका कुस्तींत हरणारा एकच. जोड्या कशाही लावा, ६३ हून कमी कुस्त्यांत निकाल लागत नाहीं.

पायथनमध्यें हें सगळें 'मॅक्स' या एका शब्दांत होतें. तरीही प्रत्येकानें एकदां तें स्वतः लिहून पाहावें असें आमचें मत आहे. पुष्कळ मुलें पहिली संख्या हातीं न धरितां शून्य धरून आरंभ करितात. गुणांच्या यादींत तें खपून जातें. पण थंड प्रदेशांतील पहाटेचीं तापमानें उणे १२, उणे ९, उणे १५ अशीं असलीं, तर शून्याहून मोठी संख्या एकही सांपडत नाहीं, आणि यादींत कोठेंच नसलेलें शून्य उत्तर म्हणून छापून येतें.

दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. 'इनपुट' या आज्ञेनें कळफलकावरून जें घेतलें जातें, तीं पायथनच्या लेखीं अक्षरें असतात, संख्या नव्हे. अक्षरांची तुलना शब्दकोशांतल्यासारखी, डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. म्हणून १०० व ९ हीं अक्षरें म्हणून ताडलीं, तर ९ मोठे ठरतात. शंभर गुणांचा विद्यार्थी नऊ गुणांच्या खालीं जाऊन बसतो, आणि यंत्र तक्रारीचा शब्दही काढीत नाहीं. आणखी एक मौज : देवनागरी एक हें चिन्ह इंग्रजी नऊपेक्षांही मोठें ठरतें, कारण संगणकाच्या चिन्हक्रमांत देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या पुष्कळ मागून येतात. उपाय सोपा आहे. तुलनेपूर्वीं 'इंट' च्या साह्यानें अक्षरांची संख्या करून घ्यावी. देवनागरी अंकांत लिहिलेले गुणही तें बिनतक्रार वाचतें.

आतां पारितोषिकाकडे वळूं; पालकांनींही येथें लक्ष द्यावें. बक्षीस संख्येस नव्हे, मुलास द्यावयाचें असतें. हजेरी क्रमांकापुढें गुण लिहून पायथनचा 'डिक्शनरी' नामक कोश तयार केला व तो तसाच 'मॅक्स' च्या स्वाधीन केला, तर उत्तर ५ येतें ! कारण कोशांतले क्रमांक तेवढे ताडले जातात, आणि ७९ गुणांचा मुलगा बक्षिसाचा धनी होतो. तुलना गुणांवरून व्हावी हें 'की' या सूचनेनें निराळें सांगावें लागतें. मग उत्तर २ येतें.

परंतु ४ क्रमांकाच्या मुलासही ८८ च गुण आहेत. त्याचें काय ? बरोबरी झाल्यास 'मॅक्स' यादींत आधीं आलेल्यास निवडतें, व दुसरा होता हें कळूंही देत नाहीं. हजेरीपट आडनांवांच्या वर्णानुक्रमें असला, तर प्रत्येक वर्षीं, प्रत्येक बरोबरींत, वर्णमालेच्या आरंभींचीं आडनांवेंच जिंकणार. स्वतः लिहितांना 'मोठी असेल तर' ऐवजीं 'मोठी किंवा तेवढीच असेल तर' असें लिहिलें, म्हणजे शेवटचा जिंकेल. तेंही तितकेंच आंधळें. यंत्राकडे एकच मागितला, त्यानें एकच दिला. न्यायाचा मार्ग दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरींत ८८ ही संख्या शोधावी. दुसऱ्या फेरींत ज्यांस ८८ गुण आहेत ते सर्व विद्यार्थी वेचून घ्यावे. मग बक्षीस दोघांत वांटावें, कीं गणिताचे गुण पाहावे, हें शिक्षकांनीं ठरवावें. एकदां ठरलें म्हणजे तें पायथनलाही सांगतां येतें : एकूण गुण व गणिताचे गुण यांची जोडी तुलनेस दिली, तर ती प्रथम पहिला आंकडा ताडते, व तो सारखा आला तरच दुसऱ्याकडे पाहते.

राहिलें दुसरें बक्षीस. बाद पद्धतीच्या सामन्यांत शेवटच्या फेरींत हरलेला दुसरा मानितात. पण खरा दुसरा विजेत्याशीं पहिल्याच फेरींत गांठ पडून बाहेर गेलेला असूं शकतो. ॲलिसच्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरोल, म्हणजेच ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन, यांनीं १८८३ सालीं लॉन टेनिसच्या सामन्यांविषयीं हाच आक्षेप घेतला होता. हातांतून शेवटीं टाकलेली संख्या ती दुसरी मोठी, असें कोणी धरील, तर त्यानें ८८, ७२, ७९ ही यादी घेऊन पाहावी. तींत हातांतून एकही संख्या सुटत नाहीं. एकाच फेरींत दोन्ही बक्षिसें कशीं ठरवावीं, हें विद्यार्थ्यांनीं सुटींत स्वतः लिहून पाहावें. हातांत दोन संख्या धराव्या लागतील, एवढी खूण पुरे.