लिमोनचेल्लो घरी करू इच्छिणाऱ्यांस

जे काम सोपे दिसते त्याविषयीच सावधगिरीचा शब्द अधिक अगत्याने सांगावा लागतो, आणि लिमोनचेल्लो हे इटलीतील लिंबाचे मधुर मद्य घरी करणे हे तशा कामांपैकी आहे. यात भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही, आंबवण्याची क्रिया नाही. लिंबाची साल, शुद्ध मद्यार्क, साखर आणि पाणी एवढ्या चार जिनसा, एक काचेची बरणी आणि थोडा धीर यांवर सारे भागते, आणि म्हणूनच यात काही घातक घडू शकेल अशी शंकाही करणाराच्या मनाला शिवत नाही. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी सोरेन्तोच्या द्वीपकल्पावर राहत होते. तेथे जे पाहिले आणि स्वदेशी परतल्यावर परिचितांच्या घरी जे घडले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, या पेयाचे बरेवाईट स्वयंपाकघरात ठरण्यापूर्वी बाजारातच ठरून जाते. लिंबू कोणते घेतले आणि मद्यार्क कोणता घेतला, यांतच निम्म्याहून अधिक परीक्षा संपते.

प्रथम लिंबाविषयी. नापोलीच्या दक्षिणेस समुद्रावर झुकलेल्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या बागा आहेत, आणि त्यांत चेस्टनटच्या खांबांच्या मांडवाखाली, थंडीवाऱ्यापासून राखलेली लिंबाची झाडे वाढतात. सोरेन्तोच्या लंबगोल लिंबाला २००० साली, तर अमाल्फी किनाऱ्यावरील टोकदार 'स्फुसातो' लिंबाला २००१ साली युरोपीय संघाने भौगोलिक नावाच्या संरक्षणाची सनद दिली. या फळांची कीर्ती रसापेक्षा सालीवर उभी आहे. साल जाड, खडबडीत आणि सुगंधी तेलाच्या सूक्ष्म कोशांनी भरलेली असते. माझी घरमालकीण, जिला सारी आळी आदराने सिन्योरा म्हणे, ती ओळखीच्या बागेतील, ताजे तोडलेले लिंबू मिळाल्यावाचून या कामाला हात घालीत नसे. बाजारात मेण आणि बुरशीनाशक लावलेली लिंबेही येत, आणि त्यांच्या पेटीवर 'साल खाण्यास अयोग्य' असा मजकूर छापलेला असे. तो वाचूनही लिंबे घेणाऱ्या एका शेजारणीला तिने माझ्यासमक्ष सांगितले होते की, जो मद्यार्क सालीतील तेल ओढून घेतो तो सालीवरचे औषधही सोडणार नाही. हा युक्तिवाद रसायनशास्त्राच्या कसोटीवरही पूर्णपणे उतरतो, कारण यात आपण फळ खात नाही, फळाच्या बाह्यांगाचा अर्कच पितो.

आपल्याकडे ही लिंबे नाहीत. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की, तिचा रंगीत पापुद्रा आतील पांढऱ्या अस्तरापासून वेगळा करणे दुरापास्त होते आणि गंधही निराळा येतो. ईडलिंबू हे त्यातल्या त्यात जवळचे फळ होय. कोणतेही फळ घेतले तरी ते फवारणी न केलेल्या झाडाचे असावे, ही अट सोडू नये.

आता मद्यार्काविषयी, आणि हेच माझ्या सांगण्याचे मर्म आहे. इटलीत वाणसामानाच्या दुकानात ९५-९६ टक्क्यांचा, पिण्यायोग्य, अबकारी कर भरलेला शुद्ध मद्यार्क राजरोस मिळतो, आणि घरगुती वापरासाठी त्यात साली भिजवण्यास तेथील कायद्याची आडकाठी नाही. त्याच दुकानात साफसफाईसाठी विकला जाणारा डिनेचर्ड मद्यार्कही असतो. कोणाची गफलत होऊ नये म्हणून तो गुलाबी रंगवलेला आणि कडू केलेला असतो. अशी खबरदारी किती आवश्यक आहे हे त्या देशाने मोठी किंमत देऊन जाणले आहे: १९८६ साली उत्तर इटलीत स्वस्त द्राक्षमद्याची तीव्रता वाढवण्यासाठी त्यात मिथेनॉल मिसळले गेले, वीसहून अधिक माणसे दगावली आणि कित्येकांची दृष्टी कायमची गेली.

पुण्यास परतल्यावर माझ्या नात्यातील एका तरुणाने मोठ्या हौसेने मला बरणी दाखवली. साली उत्तम काढल्या होत्या, द्रवाला सुरेख पिवळा रंग चढला होता. परंतु मद्यार्क कोठून आणला, असे विचारता तो रसायनांच्या एका व्यापाऱ्याकडून आणल्याचे कळले, आणि डब्यावरील चिठ्ठीत तो औद्योगिक वापरासाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. "मावशी, वास तर अगदी स्वच्छ आहे, आणि शुद्ध माल आहे असं दुकानदारानं स्वतः सांगितलंय," असा त्याचा युक्तिवाद होता. मी ती बरणी तत्काळ बंद करवली, आणि तिची विल्हेवाट लागेपर्यंत तेथून हलले नाही.

त्याला जे सांगितले तेच येथे सांगते. औद्योगिक मद्यार्कातील शुद्धता ही कारखान्याच्या कामापुरती असते, पोटासाठी नव्हे. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते, आणि पाण्याचा अंश पूर्णपणे काढलेल्या मद्यार्कात बेंझीनसारख्या द्रव्याचा लेश राहण्याचा संभव असतो. मिथेनॉल वासाने, चवीने किंवा ज्योतीच्या रंगाने घरी निश्चितपणे ओळखता येत नाही. साखरेने वा लिंबाने ते नाहीसे होत नाही, गाळून वेगळे होत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते, आणि लक्षणे पुष्कळदा अनेक तासांनंतर, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसतात, त्यामुळे पिणारा माणूस निर्धास्त राहतो. असे काही प्यायल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मुंबईत मालवणी येथे २०१५ सालच्या जूनमध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ही घटना आपल्या स्मरणातून जाऊ नये.

याच्याशीच कायद्याचा प्रश्न निगडित आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचा अंमल महाराष्ट्रात आजही आहे. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि मद्य तयार करणे या संज्ञेत त्याचे मिश्रण करणेही येते. तेव्हा राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत चौकशी केल्यावाचून येथे हा उद्योग आरंभू नये, हेच शहाणपणाचे. परदेशी राहणाऱ्या बांधवांनीही आपापल्या मुलखातील नियम आधी पाहावेत.

दुसरा धोका अग्नीचा. एका परिचित गृहिणीने पेटत्या शेगडीशेजारीच बरणी उघडून तीत कढत पाक ओतला. उष्णतेने मद्यार्काची वाफ उसळली, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्यावरून पसरत ज्वालेपर्यंत पोहोचली, आणि बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. तीव्र मद्यार्काची वाफ खोलीच्या साध्या उष्णमानातही पेट घेऊ शकते आणि तिची फिकट निळी ज्योत उजेडात दिसतही नाही. म्हणून बरणी उघडण्यापूर्वी घरातील शेगडी, समई, उदबत्ती सारे विझवलेले असावे आणि खिडक्या सताड उघड्या असाव्यात.

एवढे सांभाळले तर कृती सरळ आहे. पिण्यायोग्य एक लिटर मद्यार्कास आठ-दहा मोठी लिंबे घ्यावीत, धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि धारदार सोलाण्याने केवळ पिवळा पापुद्रा काढावा. पांढरे अस्तर आले तर जो कडवटपणा उतरतो त्यावर साखरेची मात्रा चालत नाही. साली काचेच्या बरणीत मद्यार्कात बुडवून, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. साल फिकी पडून वाकवताच कडकन मोडू लागली, म्हणजे देण्यासारखे सर्व तिने दिले असे समजावे. मग दीड लिटर पाण्यात ८०० ग्रॅम साखर विरघळवून पाक करावा आणि तो पूर्णपणे, हाताला गार लागेपर्यंत, निवू द्यावा. गाळलेला अर्क त्यात मिसळला की सुमारे तीन लिटर पेय होते आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास बसते. शुद्ध मद्यार्क मिळत नसेल तर आपल्याकडील ४२.८ टक्क्यांची वोडका चालते. तिच्या एका लिटरला पाव लिटर पाणी आणि २५० ग्रॅम साखर पुरते, मात्र ती तेल सावकाश ओढते, म्हणून साली अधिक काळ ठेवाव्या लागतात.

पाक मिसळताच द्रव गढूळ होतो, कारण लिंबाचे तेल मद्यार्कात विरते पण पाण्यात विरत नाही, आणि त्याचे सूक्ष्म कण तरंगत राहतात. तो दोष नव्हे, उलट सालीत तेल भरपूर होते याची ती ग्वाही आहे. बाटल्या उन्हात ठेवू नयेत, प्रकाशाने आणि हवेने सुगंध उतरतो. गोडव्याआड तीव्रता लपते, म्हणून जेवणानंतर अगदी लहान पेल्यात, थंडगार करून देण्याची तेथील रीत पाळावी, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही असा बंदोबस्त ठेवावा.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, मद्यार्काच्या बाटलीवर तो मनुष्याने पिण्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज लिंबाला सुरी लावू नका. तो उल्लेख नसेल तर बेत सोडून द्या, आणि लिंबाचे सरबत करून प्या.