लिपिड प्रोफाइल: उपाशी जायचं का, आणि खर्च किती?

"अनशेपोटी या," असं लॅबमधून सांगतात आणि मधुमेहाची गोळी घेणारी माणसं सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत रिकाम्या पोटी ताटकळत बसतात. कोणाची साखर उतरते, घाम फुटतो. लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी, दर वेळी हे सोसायची गरज नाही.

जेवणानंतर वाढतं ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड, तेही नेहमीच्या जेवणानं सरासरी डेसिलिटरमागे २६ मिलिग्रॅमच्या आसपास. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, जवळपास तेवढंच राहतं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, मात्र पुष्कळ लॅब मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण २१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर एलडीएल येतं १३८. खाऊन गेल्यामुळे ट्रायग्लिसराइड १७६ झालं, तर १३३. एवढ्याशा फरकानं उपचार सहसा बदलत नाहीत. म्हणूनच डेन्मार्कनं २००९ पासून उपाशीपणाची सक्ती सोडली आणि २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनीही तेच सुचवलं.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की मात्र हा हिशेब कोलमडतो. पूर्वीच्या रिपोर्टात ते जास्त आलं असेल, किंवा त्याच वेळी उपाशीपोटीची साखरही तपासायची असेल, तर उपाशीच जा. ९ ते १२ तास पुरतात. पाणी प्या, चहा नको. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास इथे चालत नाही.

खासगी लॅबमध्ये या तपासणीला साधारण ३०० ते १,००० रुपये पडतात, घरी येऊन रक्त नेण्याचे वेगळे. खरा भुर्दंड दुसऱ्या फेरीचा. खाऊन गेलात आणि डॉक्टरांना उपाशीपोटीचाच रिपोर्ट हवा होता, तर पैसे पुन्हा भरावे लागतात. म्हणून चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना स्पष्ट विचारा. खाऊन गेला असाल तर तशी नोंद रिपोर्टावर करून घ्या. 'फुल बॉडी' पॅकेज स्वस्त वाटतं, पण चिठ्ठीत दोनच तपासण्या असतील तर त्यांचे सुटे दर आधी विचारा. सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. पावती जपून ठेवा: जुन्या करपद्धतीत आरोग्यविम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच, प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोख भरले असले तरी.

इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर उपाशी जायच्या दिवशी सकाळचा डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच ठरवून घ्या. पहिल्या नंबरची वेळ मागा आणि डबा सोबत न्या. रक्त दिलं की तिथेच बसून खा.