दऱ्या की दर्या? एका वेबवेडीचा छंद

फॉर्मात ‘छंद’ असा रकाना आला की माझी पंचाईत होते. ‘वाचन’ लिहिलं तर ते अर्धंच खरं. ‘वेब’ लिहिलं तर समोरच्याला वाटतं, ही दिवसभर रील्स बघत बसते. मंडळाच्या मागच्या बैठकीत मला याच विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी पंचवीस घेतली. तरी निम्मं राहिलंच. तेच आता सविस्तर लिहिते आहे.

माझा छंद म्हणजे वेबवरची पानं आतून कशी बांधलेली असतात ते बघणं, आणि जुना मराठी मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर वाचता येईल असा करणं. सुरुवात नववीत झाली, तीही चुकून. शाळेच्या संगणक कक्षात कंट्रोल धरून यू दाबलं गेलं आणि छान रंगीत पानाच्या जागी कोनी कंसांनी भरलेला मजकूर आला. मला वाटलं, मशीन मोडलं! शिक्षिका म्हणाल्या, “घाबरू नको, हा त्या पानाचा सांगाडा आहे.” कोणत्याही पानाचा सांगाडा कोणालाही, न विचारता, बघता येतो, ही गोष्ट मला तेव्हा विलक्षण वाटली. आजही वाटते. शेजारणीने स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून “ये, फोडणी कशी देते ते बघ” म्हणावं तसं. एचटीएमएल मी अशीच, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावून शिकले.

पुढे वाचनात आलं की हे दार कोणीतरी ठरवून उघडं ठेवलं होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. दुसरं नाव ब्रूस्टर काहल यांचं. १९९६ साली त्यांनी ‘इंटरनेट अर्काइव्ह’ सुरू केलं. नाहीशा झालेल्या पानांच्या जुन्या प्रती तिथल्या ‘वेबॅक मशीन’मध्ये सापडतात. २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ बंद झालं तेव्हा हौशी लोकांनी हाताने बनवलेली असंख्य पानं एका फटक्यात गेली असती, पण काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून त्यांतली बरीचशी उतरवून ठेवली. मला स्फूर्ती कोणाकडून मिळते असं विचाराल, तर ती या उतरवून ठेवणाऱ्यांकडून.

पण छंदाचं वेड झालं ते आजोबांच्या सीडीमुळे.

आजोबा डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. गाव, शाळा, पायी केलेले प्रवास. २००४ साली एका डीटीपीच्या दुकानात त्या टाईप करून घेतल्या. छपाईचे पैसे काही जमले नाहीत आणि पुस्तक राहिलं ते राहिलंच. आजोबा गेले. हस्तलिखित पावसात भिजून त्याचा लगदा झाला. उरली एक सीडी. बारावीच्या सुट्टीत मी ती लावली आणि फाईल उघडली, तर आत सगळी इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, पौंडाच्या खुणा, डोक्यावर टिंबं असलेले विचित्र स्वर. मराठीचं एक अक्षर नाही. आई शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेले. मालक आता झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतात. “तो कॉम्प्युटरच ना गो बाय आतां,” म्हणाले.

इथे थोडा अभ्यासाचा भाग येतो, तो टाळून चालणार नाही.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या डीटीपी फॉन्टांत आकडे इंग्रजी अक्षरांचेच असायचे, फक्त त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले. मुखवटा म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट. तो मशीनवर असेपर्यंत पडद्यावर मराठी दिसतं, तो गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. आजोबांचा मजकूर बिघडलाच नव्हता, त्याचा मुखवटा तेवढा हरवला होता. म्हापशाच्या एका छापखान्यात तो फॉन्ट मिळाला. त्यांच्या मशीनवर फाईल उघडली आणि आजोबांचं पहिलं वाक्य समोर आलं तेव्हा काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

युनिकोडमध्ये मुखवटा नाही. तिथे देवनागरीला स्वतःचे १२८ घरांचे आकडे दिलेले आहेत. क म्हणजे २३२५, जगात कुठेही, कोणत्याही फॉन्टमध्ये. तुम्ही म्हणाल, मराठीत जोडाक्षरं शेकड्यांनी, मग १२८ पुरतात कसे? कारण जोडाक्षराला वेगळा आकडा दिलेलाच नाही. क्ष म्हणजे क, मग हलन्ताची खूण, मग ष. आकडे असे एकामागोमाग ठेवायचे आणि त्यांचं जोडाक्षर करून दाखवायचं काम फॉन्टवर सोडायचं. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार अक्षरं दिसते, आत मात्र अकरा आकडे असतात. मोजून बघा.

आपल्या गोव्याचा याच्याशी जुना संबंध आहे. १५७९ मध्ये इथे आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या एका पत्रात लिहिलं आहे की इथल्या लिपीत छापायचं तर सुमारे ६०० साचे ओतावे लागतील. तेवढे साचे काही झाले नाहीत. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, भाषा मराठी आणि लिपी रोमन. त्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून ग्रंथ वाचला, आणि १९०७ मध्ये मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. वर्गात हे पुराण शिकताना माझं लक्ष ओव्यांपेक्षा त्या ६०० साच्यांकडेच जातं, याबद्दल सरांची आधीच माफी मागून ठेवते.

तर आजोबांची फाईल. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं हौशी मंडळींनी बनवून नेटवर मोफत ठेवलेली आहेत. त्यांतल्या एकात मजकूर टाकला आणि दोन मिनिटांत एकशेचाळीस पानं आली. मी नाचले. मग वाचायला बसले, आणि नाच थांबला.

जुन्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, जशी डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, जशी तोंडाने म्हणतो तशी. रफाराचंही तसंच, जुन्यात तो शेवटी चढवायचा, नव्यात र आधी येतो. परिवर्तकाला हे सगळं उलटंपालटं करावं लागतं आणि जोडाक्षर आलं की तो अडखळतो. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या. त्या दुरुस्त करायला कंटाळा आला तरी अवघड नव्हतं, कारण चूक चूक म्हणून दिसत होती.

चूक दिसतच नाही तिथे खरी भीती. सत्तरीच्या डोंगरातून चाललेल्या आजोबांना वाटेत सारखा ‘दर्या’ लागायला लागला. सत्तरीत कुठला आलाय समुद्र! त्या ‘दऱ्या’ होत्या. लग्नाच्या जेवणावळीत ‘आचार्यांना’ मीठ जास्त पडल्याबद्दल बोल लावलेले, ते खरं म्हणजे आचाऱ्यांना. मराठीतला हा अर्धा, आडवा र आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून कितीतरी साधनं त्याची फिकीर करत नाहीत. युनिकोडमध्ये साधा र २३५२ आणि हा ऱ २३५३. एका आकड्याचा फरक, आणि डोंगराचा समुद्र होतो.

हाताने शोधत गेले. तेव्हा शिकलेल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या उपयोगी पडतील. फोनवर रोमन अक्षरांत टाईप केलं की दऱ्या की दर्या हे फोन आपल्या अंदाजाने ठरवतो. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि र ज्या कळीवर आहे तीच शिफ्ट धरून दाबली की ऱ. मला हात बसायला तीन आठवडे लागले. दुसरं असं की हाच आडवा र काही जण साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरून लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच, पण फाईलीत शोधताना एक टाईप केला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲप’चं तसंच. ॲ ला स्वतंत्र घर २००८ साली मिळालं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवायचे आणि अजूनही चढवतात. म्हणून शोधलेला शब्द सापडला नाही तर “हा शब्द इथे नाही” असं लगेच म्हणू नका, तो दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघा. अडलेले जुने शब्द मी मोल्सवर्थच्या कोशात बघते. त्याची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने नेटवर शोधता येईल अशी ठेवली आहे. आणि आवडलेलं मराठी पान दिसलं की त्याची प्रत वेबॅक मशीनमध्ये टाकून ठेवते. एका मिनिटाचं काम आहे.

मूळ फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवून मी जवळजवळ सगळे आडवे र परत आणले. मूळ फाईलीत त्यांच्या खुणा होत्या, परिवर्तकाने गाळल्या होत्या एवढंच. एक वाक्य मात्र उरलं. ‘पहिलाच प्रवास’ या प्रकरणात आधी पणजीला गेल्याचं आहे, पुढे चोर्ला घाटातून बेळगावला गेल्याचं. मधल्या परिच्छेदात एक वाक्य येतं: पहिल्यांदाच दर्या बघून पाय थिजले. या ठिकाणी मूळ फाईलीतही रफारच होता. म्हणजे हे काम परिवर्तकाचं नव्हे. एकतर दुकानातल्या माणसाने चुकीचं टाईप केलं, नाहीतर आजोबांनी खरंच समुद्र लिहिला. पणजीचा समुद्र, की चोर्ल्याच्या दऱ्या? वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं. आईला विचारलं. ती म्हणाली, “समुद्राला कसले घाबरतात ते!” आत्या म्हणाली, “अगं, त्यांना पोहताच येत नव्हतं.” घरात दोन तट पडले ते चतुर्थीपर्यंत टिकले.

चतुर्थीला माटोळीचं सामान काढताना कपाटामागे एक प्लास्टिकची पिशवी सापडली. तिच्यात दुकानाने वाचायला दिलेली प्रुफं होती, आजोबांच्या लाल पेनाने तपासलेली. मास्तरच ते! त्या ओळीत ‘दर्या’ला गोल केलेला होता आणि समासात पेन दाबून एक मोठा, आडवा ऱ काढला होता. खाली लिहिलं होतं, “तीनदा सांगितले.”

मी २३५२ चा २३५३ केला.

प्रुफं एकसष्ट पानांपर्यंतच आहेत. पुढे जिथे जिथे शंका आली तिथे मी शब्द बदललेला नाही, शेजारी फक्त खूण करून ठेवली आहे. अशा अकरा खुणा आहेत. माळ्यावर अजून एक पत्र्याची पेटी आहे, असं आई म्हणते. तिची किल्ली आत्याकडे आहे.